मंगळ आणि गुरूच्या मधला चाकरमानी

आमचा लघुग्रह सापडला तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते, अंगणात खारवलेले बांगडे वाळत घातले होते आणि काकी कावळ्यांना शिव्या देत होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण लघुग्रह म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर गच्ची, दुर्बीण, कुडकुडणारी थंडी आणि थर्मासातला चहा असलं काहीतरी येतं. आमच्याकडे यातलं काही म्हणता काही नव्हतं. दुर्बीण होती, पण ती सातासमुद्रापलीकडे. आमच्याकडे होता माझा कुरकुरणारा लॅपटॉप आणि काकीचे डोळे.

काकी माझी घरमालकीण. मालवणपासून पाच-सहा किलोमीटरवर, जिथे समुद्राची गाज ऐकू येते पण समुद्र दिसत नाही, अशा एका वाडीत तिचं घर. मी घाटावरचा माणूस. तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला गेलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि नारळ सोलता येत नाही म्हणून वाडीत बदनाम होतो. सगळी वाडी तिला काकी म्हणायची, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. नवरा मी जायच्या कितीतरी आधी वारलेला, मूलबाळ नाही. या दोन्ही गोष्टी तिने पहिल्याच दिवशी, खोली दाखवायच्या आधी, मला सांगून टाकल्या आणि वर म्हणाली, "म्हंजे मगे लोकांका विचारीत फिराक नको."

तिने पस्तीस वर्षं काजूच्या कारखान्यात गर निवडले होते. लांबलचक टेबलावर सोललेल्या गरांचा ढीग ओतायचा आणि बायकांनी दोन्ही हातांनी त्याची वाटणी करायची: अख्खा गर एकीकडे, दुभंगलेली पाकळी दुसरीकडे, तुकडा वेगळा, कणी वेगळी आणि करपलेला, काळपट तो डागी. कारखाना सुटला तरी वाटणी काही सुटली नव्हती. दिसेल त्या माणसाची ती प्रत लावायची. खोली बघायला गेलो तेव्हा तिने विचारलं, "लगीन झाला?" मी म्हटलं, नाही. "मगे पाकळी," ती म्हणाली. माझी एम.एस्सी., माझं बी.एड. सगळं पाण्यात. आमचे मुख्याध्यापक तुकडा होते. गावातल्या एका पुढाऱ्याबद्दल तिचं मत होतं, "वरसून अख्खो. फोडलास तर डागी."

आणखी एक खोड. बोलताना ती तुमच्याकडे बघायची नाही. तुमच्या खांद्यावरून पलीकडच्या फणसाकडे बघायची. नवा माणूस दोन-तीनदा वळून बघायचा, मागे कोण उभं आहे म्हणून. मीसुद्धा पहिला महिनाभर त्या फणसाला उगाच नमस्कार घातल्यासारखा वळत होतो. पुढे कळलं की हीच तिची विद्या. सुपात तांदूळ घेऊन बसली की नजर तांदळावर नसायचीच. तरी खडे बरोबर टिपले जायचे. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली, "खडो सोधूचो नाय, मास्तरांनू. सोधूक गेल्यार तो लपता. सगळ्यांकडे एकदम बगीत रवाचा. जो वेगळो आसा, तो सोताच सांगता, मी हयसर आसंय म्हणान."

वाडीत कुणाच्या कानातली कुडी वाळूत पडली की काकीला बोलावणं यायचं. ती यायची, पानाचा विडा तोंडात सारायची, दूर माडांकडे बघत मिनिटभर उभी राहायची आणि पायाच्या अंगठ्याने जागा दाखवायची. कुडी तिथेच असायची. मी डोळ्यांनी बघितलंय, नाहीतर माझासुद्धा विश्वास बसला नसता.

आता लघुग्रहाचं. शाळांसाठी एक उपक्रम असतो. परदेशातली एक मोठी दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे, काही मिनिटांच्या अंतराने, चार फोटो काढते. ते फोटो आपल्याला पाठवतात. आपण ते कॉम्प्युटरवर एकामागून एक, एकामागून एक फिरवत राहायचे. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका दर फोटोत थोडा थोडा सरकला, तर तो लघुग्रह. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात असे लाखो धोंडे सूर्याभोवती फिरत असतात. तुमचा ठिपका आधी कुणाला माहीत नसेल तर तो कळवायचा. मी मोठ्या हौसेने शाळेचं नाव नोंदवलं आणि तीन आठवडे डोळे फोडून घेतले. जो ठिपका सरकायचा तो आधीच कुणाच्या तरी यादीत असायचा. बाकी सगळी कॅमेऱ्यातली धूळ.

त्या रविवारी काकी सोलकढी हवी का विचारायला आत आली. माझ्या मागे उभी राहिली आणि नेहमीप्रमाणे लॅपटॉप सोडून खिडकीबाहेर बघायला लागली. मी आपला फोटो फिरवतोय. मध्येच ती म्हणाली, "ता काय चलता?"

"कुठे?"

"ता काय. उजवीकडे, खाली. मुंगी चलता तसा."

मला मुंगी दिसेना, मुंगीचा बापही दिसेना. तिने बोट टेकवलं. स्क्रीनवर बांगड्याच्या मिठाचा ठसा उठला. त्या ठशाखाली, अगदी पुसट, एक ठिपका पावलापावलाने सरकत होता. मी यादी तपासली. तिथे कुणीच नव्हतं. पुन्हा तपासली. तरीही कुणीच नव्हतं. मी असा ओरडलो की अंगणातले कावळे उडाले. काकीला तेवढंच पसंत पडलं.

मग तिला सगळं समजावून सांगायला लागलं. आमचा धोंडा असेल दोनेक किलोमीटरचा. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला अंदाजे चार वर्षं लागतात. आपण आपल्या फेरीत दर सोळा महिन्यांनी त्याला गाठतो, तेव्हा तो थोडे दिवस नीट दिसतो. मग लांब जातो.

"मगे चाकरमानीच म्हणा," काकी म्हणाली. "खंयतरी लांब रवता, येता, तोंड दाखयता, चार दिस रवता नि जाता."

झालं. मुंबईत नोकरी करून चतुर्थीला गावी येणाऱ्या यच्चयावत माणसांच्या पंगतीत आमचा लघुग्रह जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी मासळी घेताना तिने ही बातमी मासेवालीला दिली, "माझो एक चाकरमानी वर आसा." मासेवालीने विचारलं, "पैसे बिसे धाडता काय?" काकी म्हणाली, "खंयचे! नुसता तोंड दाखयता. तुज्या झिलासारखो." मासेवालीचा झील, म्हणजे मुलगा, मुंबईत होता.

महिनाभराने उत्तर आलं. ठिपक्याला अक्षरं आणि आकडे जोडलेली एक तात्पुरती खूण मिळाली होती. मी ते पत्र तिला वाचून दाखवलं आणि खरं तेही सांगितलं, की एवढ्यावर त्याची वाट नक्की होत नाही. सोळा महिन्यांनी तो पुन्हा सापडला पाहिजे. नाही सापडला तर हरवला म्हणून सोडून देतात.

"हरावलो? खंय जातलो तो?"

"जाणार कुठे नाही, काकी. आपल्यालाच सापडणार नाही."

"मगे हरावलो आमी. तो नाय." फणसाकडे बघत ती म्हणाली, "सोळा म्हयन्यांनी फोटो इले की माका बसवा. मीच बगतलंय. दुसऱ्या कोणी बगलेलो माका चलाचो नाय."

मी कळवताना तिचंही नाव घातलं होतं. त्यावर ती रागावलीच. "माझा नाव कित्याक? काजूच्या डब्यार आमची नावां आसतत काय?" पण त्याच संध्याकाळी तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात महिने मोजायला घेतले. कॅलेंडरातलं ते वर्ष मोजून संपलं तशी दुकानात जाऊन पुढच्या वर्षाचं कॅलेंडर मागितलं. दुकानदार म्हणाला, अजून छापलं नाही. काकी म्हणाली, "मगे छापूक सांग त्यांका. आमच्याकडे माणूस येवचो आसा."

आणि मग एके दिवशी जेवताना माझ्या दाताखाली खडा आला.

कुणाला यात काय विशेष वाटणार! पण त्या घरात दोन वर्षं मी जेवत होतो आणि भातात खडा म्हणून लागला नव्हता. कर्र आवाज झाला, काकीनेही ऐकला. मी गिळून टाकला खडा. खरंच गिळला. पण तिचा चेहरा पडला. मग माझ्या एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. सुई ती चाचपून ओवत होती. एसटीची पाटी मला वाचायला लावत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि तिला तो वर्षभर माहीत होता.

"ऑपरेशन करून घ्या," मी म्हटलं. "अर्ध्या तासाचं काम."

"ह्या डोळ्यांनी माका पस्तीस वर्सां पोसला. आता म्हातारपणात त्यांच्यार सुरी चलवू? माका जमाचा नाय."

मी समजावलं, भांडलो, अबोला धरला. शेवटी एक दिवस जुने फोटो लावून तिला बसवलं. तेच फोटो, तोच ठिपका. म्हटलं, दाखवा बघू. तिने खिडकीबाहेर बघितलं, मग स्क्रीनकडे, पुन्हा खिडकीबाहेर. "ह्यो काय, दिसता मां," ती म्हणाली आणि बोट ठेवलं. त्या बोटाखाली नुसता काळोख होता. मी म्हटलं, "बरोबर." आणि माडीवर जाऊन रडलो, खोटं कशाला सांगू. परत यायला चाकरमान्याला चारच महिने राहिले होते.

ऑपरेशनाला नाही म्हणणारी ही बाई देवाला मात्र कामाला लावायला तयार होती. चाकरमानी सुखरूप यावा म्हणून ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं तिने ठरवलं. गाऱ्हाणं म्हणजे गावकराने गावाच्या वतीने देवाला मोठ्या आवाजात मागणं घालायचं आणि दर वाक्याला जमलेल्यांनी "होय म्हाराजा!" म्हणायचं. हे ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात एक किडा वळवळला. आदल्या दिवशी मी गावकराला गाठून त्याच्या कानात दोन शब्द सांगून ठेवले. गावकर मिशीत हसला.

सोमवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस माणसं देवळात. गावकराने रीतसर चौकशी सुरू केली.

"चाकरमान्याचा नाव काय?"

"नाव अजून नाय. नंबर आसा."

"रवता खंय?"

"मंगळ नि गुरूच्या मधी."

गावकराने नारळ खाली ठेवला. "काकी, ता आपल्या देवाच्या शीमेत येणा नाय."

"मगे मुंबय येता?" काकी कडाडली. "मुंबयवाल्यांची गाऱ्हाणी घालतास ती! मुंबय खंयच्या शीमेत आसा तुज्या?"

 गावकराने नारळ उचलला, घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजाऽऽ! आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे इलेली आसत!"

"होय म्हाराजा!"

"हेंचो एक चाकरमानी मंगळ नि गुरूच्या मधी एकलो रवता!"

"होय म्हाराजा!"

"तो वाट चुकलो आसात, कोण त्येका आडवो इलो आसात, तर त्येका बाजूक सार नि हेंचो माणूस वेळेर हयसर हाड!"

"होय म्हाराजा!"

"नि त्येका डोळे भरान बगूक मिळाचा म्हणान ही तुजी लेक फुडल्या म्हयन्यात कुडाळाक डोळ्यांच्या आपरेशनाक जातली, तिका येस दी रे म्हाराजाऽऽ!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज काकीचा होता.

मग ती थांबली. तोंड उघडंच राहिलं. "ह्या काय झाला?"

"देवासमोर 'होय' म्हटलंस मां?" गावकर म्हणाला.

"सवयीन म्हटलंय मी!"

"देवाक सवय बिवय कळणा नाय, काकी."

देवळात जो हशा पिकला तो अजून माझ्या कानांत आहे. काकीने माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या मागच्या खांबाकडे, आणि म्हणाली, "वाखो येवंदे तुमच्यार, मास्तरांनू." म्हणजे पटकी येवो. नंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण मिळत होतं, सोलकढी बंद.

पण देवाला दिलेला शब्द. कुडाळला जावंच लागलं. तिथल्या डॉक्टरांनी "माझ्याकडे बघा" म्हटलं की ती त्यांच्या मागच्या तक्त्याकडे बघायची आणि डॉक्टर वळून बघायचे, तक्त्याला काय झालं म्हणून. आधी एक डोळा, तीन आठवड्यांनी दुसरा. दुसरी पट्टी सुटली तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाकडे सरळ बघितलं. डॉक्टरांना म्हणाली, "अख्खो गर." डॉक्टरांना काही कळलं नाही, पण ते खूश झाले. मग माझ्याकडे वळली. "मास्तरांनू, तुमचे केस पिकले की हो!" मी अठ्ठावीस वर्षांचा होतो.

घरी आल्यावर तिने आपलंच घर बघितलं आणि कपाळावर हात मारला. चार दिवस कोळिष्टकं काढली, भांडी पुन्हा घासली, माझी पांढरी म्हणून घातली जाणारी बनियन चुलीत घातली. "ह्या घरात मी रवतंय? आणि तुमी सांगलास नाय ता!"

ठरल्या वेळी फोटो आले.  पहिल्या खेपेला आमचा ठिपका अगदी थोडा काळ दिसला होता, त्यामुळे तो आता अमुक जागीच असेल असं गणित सांगू शकत नव्हतं. आकाशाचा भलामोठा तुकडा धुंडाळायचा होता. काकी काळा चष्मा कपाळावर सारून स्टुलावर बसली. मी फोटो फिरवायला लागलो आणि पाचच मिनिटांत मला तो दिसला. छान, ठसठशीत, सरकणारा. "आला! काकी, आला!" मी त्याच्यावर खूण करून कळवायला घेतलं.

"थांब मेल्या!"

मी थांबलो. त्या घरात मी तोवर 'तुमी' होतो.

"तो न्हय आमचो. तो दुसरो कोणतरी."

"कशावरून?"

"तो धावता. आमचो चलता." ती खिडकीबाहेर बघत होती. फणसावर एक खारूताई शेपटी आपटत होती.  फोटो फिरत राहिले. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक. मग तिचं बोट सावकाश वर आलं आणि डाव्या कोपऱ्यात, मी ज्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं अशा जागी, टेकलं. "ह्यो."

पुसट. मुंगीच्या पावलांनी चाललेला.

मग मी यादी बघितली, जी घाईत आधी बघायची विसरलो होतो. माझा ठसठशीत ठिपका केव्हाचा कुणाच्या तरी नावावर लागलेला होता. काकीच्या ठिपक्यावर कुणाचं नाव नव्हतं. मी तो कळवला. पुढे उत्तर आलं की जुनी निरीक्षणं आणि ही, दोन्ही एकाच वाटेवर बरोबर बसतात. पण काकीला त्या उत्तराची गरज नव्हती. तिने त्याच क्षणी स्क्रीनकडे सरळ बघितलं, हात जोडले आणि अगदी हळू म्हणाली, "इलो गो बाय. इलो माझो."

त्या दिवशी घावणे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं झालं, अख्ख्या वाडीला. चाकरमानी इलो म्हटल्यार जेवाण नको? गावकर तीनदा वाढून घेऊन गेला. गाऱ्हाण्याचा मान म्हणून. मला सोलकढी परत सुरू झाली आणि 'मेल्या' व 'तू' कायमचं झालं.

वर्षभराने मला माझ्या गावच्या कॉलेजात नोकरी लागली आणि मी घाटावर परतलो. लग्न झालं. बायकोला घेऊन पाया पडायला गेलो तेव्हा काकीने मला अख्ख्या गरात घातलं आणि लगेच बायकोला म्हणाली, "तुज्यामुळे हां. नायतर पाकळीच होतो." मुलगी झाली, तिला घेऊन दोनदा गेलो. मग मुलीची शाळा, मग हे, मग ते. तो दिसायची वेळ आली की फोन मात्र दर खेपेला तिचाच. तिच्या फोनमध्ये हॅलो नसतो. "इलो काय?" एवढंच. आता त्याला आणखी लोकांनी पाहिलंय. दर खेपेला त्याची वाट अधिक पक्की होत जाते. पुरती पक्की झाली की त्याला कायमचा क्रमांक मिळेल आणि मग आपण नाव सुचवू शकतो. मी तिला म्हटलं होतं, तुमचंच नाव देऊ. "माझा नाव वर कित्याक?" ती म्हणाली. "मी हयसर आसंय." तेव्हा 'चाकरमानी' हेच ठरलंय.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. इलो काय?

"आला, काकी! गणिताने सांगितलं तिथेच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. आता चुकायची भीती संपली. पुढच्या पन्नास वर्षांत कुठल्या महिन्यात कुठे असेल ते सांगता येईल, बोला!"

मला वाटलं, ती आनंदाने ओरडेल. पलीकडून तांदूळ पाखडल्याचा आवाज आला, सूप, सूप. मग ती म्हणाली, "बरा झाला. त्येचा आता काय, तो येतलोच. तुझा सांग."

"माझं काय?"

"तू कधी येतलस? चार वर्सां झाली."

मी मनात हिशेब केला. चार वर्षं म्हणजे त्याची एक अख्खी फेरी. तेवढ्यात तो तीनदा येऊन तोंड दाखवून गेला होता.

"त्येका सूर्य वडता म्हणान तो येता, तूच सांगलंस ता माका. तुका कोण वडता रे मेल्या?"

"येतो काकी, बघतो, मुलीची शाळा—"

"बा देवा म्हाराजाऽऽ!" फोनमधून एकदम आवाज चढला. माझ्या टेबलासमोरचे दोन सहकारी दचकून बघायला लागले. "आमचो एक चाकरमानी घाटार रवता!"

"काकी, अहो काकी, मी कॉलेजात—"

"तो वाट चुकलो आसात तर त्येका वाटेर हाड! फुडल्या आयतवारी त्येका बायकोपोरासकट हयसर जेवक बसव रे म्हाराजाऽऽ!"

आणि माझ्या तोंडून, अख्ख्या स्टाफरूममध्ये, मोठ्याने निघून गेलं, "होय म्हाराजा!"

पलीकडे काकी खदाखदा हसत होती. "म्हटलंस मां?"

"सवयीने म्हटलं हो!"

पण आता काय उपयोग! शनिवारच्या एसटीची तीन तिकिटं काढली आहेत.